कोपराला लावलेला गूळ

नऊ वर्षे मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होतो. दर जूनमध्ये संस्थेच्या कार्यालयातून बोलावणे यायचे. चहा यायचा. "यंदा पद मंजूर होतंय. तुमचंच नाव वर आहे," असे सांगितले जायचे, आणि मी पुढच्या वर्षाच्या तासिका आनंदाने स्वीकारून बाहेर पडायचो. पाचव्या वर्षी ही बातमी मी घरी सांगितली तेव्हा आई तांदूळ निवडत होती. सूप खाली न ठेवता ती म्हणाली, "कोपराला गूळ लावलाय तुझ्या. बस आता चाटत."

वाक्प्रचार मला ठाऊक होता. परीक्षेत 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' या प्रश्नात तो मी स्वतः विचारला होता आणि 'खोटी आशा दाखवणे' या उत्तराला गुणही दिले होते. आईच्या तोंडून तो आला तेव्हा मात्र ते उत्तर अपुरे आहे, हे लक्षात आले. खोटी आशा दाखवण्यासाठी मराठीत कितीतरी शब्दप्रयोग आहेत. आईने त्यांतला हाच का उचलला? तिचे माहेर करवीर तालुक्यातले, वडिलांचे गुऱ्हाळ. गूळ तिच्या बोलण्यात सहज यायचा, हे झाले एक उत्तर. दुसरे उत्तर शोधता शोधता हा लेख तयार झाला.

मोहाचे, लालसेचे, आमिषाचे वाक्प्रचार आपण समानार्थी म्हणून एका ओळीत बसवतो: आमिष दाखवणे, गळाला लावणे, मधाचे बोट लावणे, कोपराला गूळ लावणे, गाजर दाखवणे. कोश आणि पाठ्यपुस्तके अर्थ सांगताना थोडक्यात आटोपतात, कारण जागा कमी असते. परंतु यांतला प्रत्येक प्रयोग मोहाची वेगळी रचना सांगतो. मोह कुठे ठेवला आहे, तो कोणी ठेवला, आणि भुलणाऱ्याला काय माहीत आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक वाक्प्रचारात निराळी येतात. ती वेगळी केली म्हणजे आपल्या साहित्यातील मोहाचे प्रसंगही वेगळे दिसू लागतात.

घडते ते काय?

आधी वाक्प्रचाराचा अर्थ बाजूला ठेवून त्यातली घटना पाहू. एक माणूस दुसऱ्याच्या कोपराला गूळ लावतो. ज्याच्या कोपराला तो लावला, त्याला तो दिसतो, त्याचा वास येतो, कातडीवर त्याचा चिकटपणा जाणवतो. तो जीभ बाहेर काढतो, मान वळवतो, हात उचलतो. दंडाचे हाड आडवे येते. कोपर जेवढे वर येते तेवढाच खांदाही वर येतो आणि अंतर आहे तेवढेच राहते. कोणी विरळा लवचिक माणूस ही किमया साधतो म्हणतात, पण वाक्प्रचार विरळ्यांसाठी बनत नाहीत.

गूळच का, याचे कारण स्वयंपाकघरात सापडते. साखर कोपरावर टिकणार नाही, झडून जाईल. मध ओघळेल आणि मनगटापर्यंत आला तर चाटताही येईल. काहिलीतून उतरलेला, अजून कोमट असलेला गूळ मात्र चिकटतो आणि लावला तिथेच राहतो. शिवाय तो रोजचा आहे. मध क्वचित मिळणारा; गूळ आल्यागेल्याला पाण्याबरोबर दिला जाणारा. त्यामुळे या वाक्प्रचारातल्या माणसाला जे हवे आहे ते काही राज्य नव्हे. घरोघरी असणारी, त्यालाही मिळायला हरकत नसलेली अशी ही साधी गोष्ट आहे.

कोपरच का? शरीरावर जिभेला न पोचणाऱ्या जागा पुष्कळ आहेत. पाठीला गूळ लावला तर तो दिसणार नाही. टाचेला लावला तर तो फार दूर वाटेल. कोपर दिसते आणि जवळ वाटते. जेवताना घास घेऊन हात तोंडाशी येतो तेव्हा कोपरही त्याच्याबरोबर उचलले जाते. मिळेलच असे वाटायला लावणारी आणि कधीच न मिळणारी अशी नेमकी जागा बोलणाऱ्या लोकांनी शोधून काढली. गुजरातीतही 'कोणीए गोळ' चिकटवतात, तोच गूळ आणि तेच कोपर. कन्नड माणूस 'मूगिगे तुप्प सवरु' म्हणतो, म्हणजे नाकाला तूप चोपडणे. तिथे वास अखंड येत राहतो आणि जीभ तिथवर जात नाही. तिन्ही भाषांनी आमिष माणसाच्या स्वतःच्या अंगावरच लावले आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

'गुळाचा गणपती, गुळाचाच नैवेद्य' ही म्हण येथे आठवावी. देवाच्याच अंगाचा गूळ काढून देवापुढे ठेवायचा आणि पुन्हा भक्तीचे श्रेय घ्यायचे. कोपराला गूळ लावणाऱ्याची रीतही याच घराण्यातली आहे. त्याचा स्वतःचा खर्च जवळजवळ शून्य असतो. एक बोटभर गूळ लावला की त्याचे काम संपले. त्याने तिथे थांबायचीही गरज उरत नाही. पुढची सगळी मेहनत ज्याच्या कोपराला गूळ आहे तोच करतो.

गळ: न कळलेला मोह

याच्या उलट रचना गळाची. 'आमिष' हा शब्द संस्कृतात मांसासाठी होता. त्यावरून गळाला लावायच्या मांसाच्या तुकड्याला, आणि पुढे कोणत्याही लालचीला तो लागू झाला. ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात, विषयांच्या ठायी असलेल्या कामाचे वर्णन करताना ज्ञानदेव हा दृष्टान्त घेतात. काम सुखाची दुराशा लावतो आणि आमिषाला मासा भुलावा तसा जीव भुलतो, इतके सांगून ते थांबत नाहीत. प्राण घेणारा गळ त्या आमिषाच्या आत झाकलेला आहे आणि म्हणूनच माशाला तो ठाऊक होत नाही, असा खुलासा ते पुढे करतात.

दृष्टान्ताचे सगळे बळ या झाकलेपणात आहे. मासा मरतो तो अज्ञानाने. आमिष त्याला खरोखर मिळते, तोंडातही येते. मिळणे हाच त्याचा घात असतो. म्हणून या मोहावरचे औषध ज्ञान हे आहे. आत गळ आहे हे कोणी दाखवून दिले की काम झाले. गुरूने शिष्याला सांगायच्या गोष्टीसाठी याहून चपखल प्रतिमा सापडणे कठीण.

एकनाथांनी काशीत शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ साली, पूर्ण केलेल्या भागवतटीकेत अवधूताच्या चोवीस गुरूंचे आख्यान येते. त्यात मासा आहेच. जिभेच्या लोभाने गेलेला. पण त्याच आख्यानात आमिष आणखी एकदा येते आणि तेथे त्याचा स्वभाव बदललेला असतो. कुरर पक्ष्याच्या चोचीत मांसाचा तुकडा आहे आणि बाकीचे बलवान पक्षी त्याच्यावर तुटून पडतात. तो तुकडा टाकतो आणि सुटतो. येथे काहीही झाकलेले नाही. पक्ष्याला आमिष मिळाले आहे, ते दिसते आहे, त्याचे परिणामही दिसत आहेत. त्याने फक्त चोच उघडायची आहे.

आणि या दोघांच्या मध्ये उभी आहे पिंगला. विदेहनगरीतली ही गणिका धनवान ग्राहकाची वाट बघत दाराशी उभी राहते. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण तिला येणारा वाटतो. आत जाते, पुन्हा बाहेर येते, मध्यरात्र होते. तिला कोणी फसवलेले नाही. तिच्यापुढे गळ नाही, चोचीत तुकडाही नाही. दार आणि रस्ता यांच्यातले चार पावलांचे अंतर तेवढे आहे, आणि ते मिटत नाही. अखेर ती आशा सोडते आणि सुखाने झोपते. मला आपल्या वाङ्मयातला कोपराच्या गुळाचा सर्वांत जुना आणि निर्मळ नमुना पिंगलेच्या या रात्रीत दिसतो, जरी तेथे हा वाक्प्रचार आलेला नसला तरी. मासा अज्ञानात आहे. पिंगलेला सारे माहीत आहे, तरी ती उभी आहे. जागे असून भुलणे ही मोहाची वेगळी जात आहे आणि गळाच्या प्रतिमेने ती सांगता येत नाही.

मधाचे बोट: चाखलेला मोह

तिसरी रचना मधाच्या बोटाची. येथे भुलवणारा स्वतःचे बोट मधात बुडवून दुसऱ्याच्या जिभेला लावतो. थोडे का होईना, चाखायला मिळते. मिळालेले खरे असते, त्यात गळ झाकलेला नसतो. घात असतो तो 'थोडे' या मापात. बोटभर मिळाल्यामुळे बरणीभर हवेसे वाटते.

गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'चे (१९१९) नावच या वाक्प्रचाराचा विस्तार आहे. सुधाकराची सनद काही काळासाठी गेली आहे, अपमान त्याला जाळतो आहे आणि तळीराम त्याच्यापुढे त्या जळण्यावरचा उतारा म्हणून प्याला करतो. तळीराम पहिल्या वेळी खोटे बोलत नाही. प्याल्याने तात्पुरते विसरायला होते, हे खरेच आहे. शिवाय सुधाकर बुद्धिमान वकील आहे. दारू वाईट हे त्याला कोणी शिकवायला नको. त्याला माशासारखे अज्ञानी म्हणता येत नाही. त्याचा नाश 'एकच' या शब्दात दडला आहे. पहिला आणि शेवटचा, असे म्हणून घेतलेला प्याला पहिला ठरतो, शेवटचा ठरत नाही. नाटकावर बोधवादाचा आरोप झाला, आणि तो काही अंशी खरा आहे. परंतु मोहाच्या मापाविषयीची गडकऱ्यांची समज बोधाच्या पलीकडची आहे. व्यसन 'पुष्कळ'मध्ये राहत नाही, 'एक'मध्ये राहते, हे त्यांनी शीर्षकातच सांगून टाकले.

कोपर: अंगावरचा मोह

आता कोपराकडे परत येऊ. देवलांचे 'संगीत शारदा' (१८९९) जरठकुमारी विवाहावरचे नाटक म्हणून आपण वाचतो आणि पाहतो, ते योग्यच आहे. पण त्याची बांधणी पाहिली तर ते एका मध्यस्थाचे नाटक आहे. भद्रेश्वर दीक्षित जवळ काहीही नसलेला माणूस आहे. त्याच्याकडे वधूही नाही आणि पैसाही नाही. भुजंगनाथाला तो वधूची आशा लावतो, कांचनभटाला भुजंगनाथाच्या पैशाची. एकाचा गूळ दुसऱ्याच्या कोपराला. बोटभर गूळही त्याला स्वतःच्या घरून आणावा लागत नाही.

यातला भुजंगनाथ मराठी रंगभूमीने हसण्यासाठी वापरला. पंचाहत्तरीचा म्हातारा, गुडघ्याला बाशिंग बांधलेला. शरीराचे अवयव घेऊन केलेले हे दोन वाक्प्रचार, गुडघ्याला बाशिंग आणि कोपराला गूळ, एकाच माणसावर एकत्र आलेले पाहायचे असतील तर भुजंगनाथ पाहावा. बाशिंग उतावीळपणाचे, गूळ न मिळण्याचा. लग्न मंडपापर्यंत येते आणि वधूवर सगोत्र असल्याचे उघड होऊन मोडते. घास ओठाशी आला तिथेच थांबला. प्रेक्षकाला त्यात न्याय दिसतो आणि तो आहेच, कारण या माणसाच्या गुळाची किंमत एक मुलगी चुकवणार होती. तरी हेही नोंदवले पाहिजे की भुजंगनाथाचे कोपर भद्रेश्वराला आयतेच मिळाले. पुन्हा तरुण समजले जावे ही इच्छा भद्रेश्वराने निर्माण केलेली नाही, ती आधीच म्हाताऱ्याच्या अंगावर होती. बाहेरच्याने फक्त तिला गूळ लावला.

जोतीराव फुल्यांच्या 'तृतीय रत्न' (१८५५) या नाटकात हीच रचना अधिक तीव्र होते. दक्षिणा प्राइज कमिटीने हे नाटक नाकारले, हा इतिहास आपल्याला ठाऊक असतो; नाटकातल्या फसवणुकीची तऱ्हा मात्र कमी वेळा तपासली जाते. जोशी कुणब्याच्या घरी येतो. घरात गरोदर बाई आहे. ग्रह, अनुष्ठान, ब्राह्मणभोजन अशा पायऱ्यांनी तो त्या घरातला पैसा काढतो. तो काय देऊ करतो? होणारे मूल सुखरूप राहील, एवढेच. म्हणजे जे त्या बाईच्या स्वतःच्या पोटात आहे, तेच तिला आमिष म्हणून दाखवले जाते. गुळाचा गणपती आणि गुळाचाच नैवेद्य. बाहेरून आणलेले काहीच नाही. माणसाचे स्वतःचे, अंगावरचे, रक्ताचे जे आहे तेच त्याच्यापासून एक वीतभर दूर ठेवायचे आणि मधल्या वितेचे भाडे घ्यायचे.

कोपराच्या वाक्प्रचाराचे मर्म येथे उघड होते. ज्या वस्तूवर माणसाचा हक्क आहे, ती त्याला मोह म्हणून दाखवली जाते. गळाचे आमिष परके असते, मधाचे बोट दुसऱ्याचे असते. कोपर आपले असते.

आनंद यादवांच्या 'गोतावळा'मध्ये (१९७१) भुलवणारा माणूसच जवळजवळ नाहीसा होतो. नारबा हा मळ्यावरचा गडी. बैल, म्हशी, कुत्रे, कोंबड्या, झाडे हा सगळा त्याचा गोतावळा आहे आणि यांतले काहीही त्याचे नाही. सातबारा मालकाचा. तरी नारबाच्या बोलण्यात सगळे 'आपले' आहे. कारण रोज त्याचा हात त्या जनावरांच्या पाठीवरून फिरतो. मग मळ्यात ट्रॅक्टर येतो आणि जनावरांची गरज संपते. मळा आपला नव्हता, हे नारबाला तेव्हा कळते असे म्हणणे खरे नाही. ते त्याला नेहमीच माहीत होते. 'आपले' या शब्दाची गोडी मात्र इतकी जवळची होती की त्या माहितीचा उपयोग नव्हता. येथे मालकाने मुद्दाम गूळ लावला असेही म्हणवत नाही. कामच गूळ होते. राबणाऱ्या माणसाला राबण्यातून लागणारी आपलेपणाची चव हे मराठी ग्रामीण वाङ्मयातले एक मोठे दुःख आहे आणि यादवांनी ते बोलीच्या अंगाने, गड्याच्याच तोंडून सांगितले आहे.

गाजर कुठून आले?

आजच्या वर्तमानपत्रांत मात्र कोपराला गूळ क्वचित दिसतो. अर्थसंकल्प असो, वेतन आयोग असो की निवडणूक, 'गाजर दाखवले' हा मथळा ठरलेला. काठीला बांधून गाढवाच्या तोंडापुढे धरलेले गाजर ही प्रतिमा आपल्याकडे इंग्रजीच्या मार्गाने आली. मराठीचे जुने गाजर निराळे होते. 'गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली' या म्हणीतले गाजर कोणाला भुलवत नाही; उलट दोन्हीकडून फायद्याचा बेतशुद्ध व्यवहार सांगते. ते खायला मिळणारे गाजर आहे.

भाषेने उसने शब्द घेऊ नयेत असे मी म्हणत नाही. तसे म्हटले तर हा लेख ज्या कागदावर छापला जातो त्या 'कागदा'लाही परत पाठवावे लागेल. नवा प्रयोग आला, रुळला, लोकांना कळला की तो आपला झाला. प्रश्न एवढाच आहे की गाजराच्या आगमनाने त्याच जागेवरचा जो प्रयोग मागे सरकला, तो आपल्याबरोबर कोणती समज घेऊन गेला?

गाजराच्या चित्रात भुललेला प्राणी गाढव आहे. त्याला अंतर कळत नाही. आपण चाललो की गाजरही चालते, हे त्याच्या डोक्यात येत नाही. 'मतदारांना गाजर', 'शिक्षकांना गाजर', 'शेतकऱ्यांना गाजर' असे लिहिताना टीकेचा रोख सत्तेवर असतो, पण वाक्यातले गाढव मतदार, शिक्षक आणि शेतकरीच असतात. लिहिणाऱ्याच्या ते मनातही नसते. वाक्प्रचार मात्र लिहिणाऱ्याच्या मनात नसलेलेही बोलतो.

मराठीचे जुने गाढव याच्या अगदी उलट कामाला होते. 'गाढवाला गुळाची चव काय?' या म्हणीप्रमाणे गाढव हा गुळाने न भुलणारा प्राणी. म्हणजे ज्याच्या कोपराला गूळ लावता येतो तो गाढव असूच शकत नाही. त्याला चव कळते. आपल्याला काय हवे, ते किती गोड, ते आपल्यापासून किती अंतरावर आहे, हे सगळे तो जाणतो. भुललेल्या माणसाची समज या वाक्प्रचाराने शाबूत ठेवली आहे. तो हास्यास्पद दिसतो हे खरे. मान वाकडी करून कोपर चाटू पाहणारा माणूस बघून हसू येणारच, आणि माझ्या आईच्या वाक्यातही ते हसू होते. परंतु हसणाराही आपल्याच कोपराकडे एकदा बघून घेतो. गाढवाला हसणारा स्वतःला गाढव समजत नाही.

आणखी एक फरक. गाजराचा मालक गाडीवर बसलेला असतो आणि काठी त्याला सतत धरून ठेवावी लागते. त्यामुळे गाजराची गोष्ट नेहमी मालकाची गोष्ट होते: त्याने दाखवले, त्याने काढून घेतले, पुढच्या वेळी पुन्हा दाखवील. कोपराच्या गोष्टीत लावणारा केव्हाच निघून गेलेला असतो. उरतो तो माणूस आणि त्याचे शरीर. म्हणून ही गोष्ट पुढे काय होणार, हे त्या माणसाच्या हाती असते. गाढवाला काठी तोडता येत नाही. माणसाला मात्र एक गोष्ट करता येते.

दुसरा हात

कोपराला गूळ लावलेल्या माणसाला दुसरा हात असतो. इतकी वर्षे हा वाक्प्रचार शिकवूनही ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. दुसऱ्या हाताच्या बोटाने तो गूळ सहज पुसून घेता येतो. मग खावा, नाहीतर धुऊन टाकावा. अडचण फक्त जिभेची आहे. भूक इतकी घाईला येते की ती थेट तोंडाने मिळवू पाहते आणि शरीराला हातही आहेत, हे विसरते. लावणाऱ्याचा सगळा भरवसा या विसरण्यावर असतो.

या दृष्टीने वर आलेल्या कलाकृतींकडे पुन्हा पाहावे. 'तृतीय रत्ना'च्या अखेरीस कुणबी आणि त्याची बायको जोशाचा सूड घ्यायला निघत नाहीत, दैवालाही दोष देत बसत नाहीत. ती रात्रीच्या शाळेत जाऊन शिकायचे ठरवतात. पोटातले मूल, घरातला पैसा, पंचांगातली अक्षरे हे सगळे त्यांचे आहे. वाचता आले की मधल्या माणसाची वीत संपते. फुल्यांनी दुसरा हात दाखवला तो असा. पिंगलेने गूळ धुऊन टाकला. नारबाला दुसरा हात सापडत नाही, म्हणून 'गोतावळा' वाचून संपल्यावर इतके पोकळ वाटते. आणि भुजंगनाथाच्या बाबतीत तो गूळ दुसऱ्याच्या मुलीचा होता, म्हणून तो पुसायला कोदंडाचा हात यावा लागला.

वाक्प्रचारांत समाज आपले शहाणपण साठवतो, असे आपण भाषणांत म्हणतो. दाते-कर्व्यांनी महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशाचे दोन विभाग १९४२ आणि १९४७ मध्ये काढले, तेव्हा त्यांच्यापुढे शब्दांची अफाट रास होती आणि ती रचून ठेवणे हेच मोठे काम होते. त्या राशीतला एकेक प्रयोग उचलून त्यातली घटना पुन्हा घडवून पाहणे, हे काम नंतरच्या वाचकांसाठी शिल्लक आहे. अर्थ पाठ केला की घटना हरवते. घटना पाहिली की अर्थाला कधी कधी असा दुसरा हात फुटतो.

नवव्या वर्षीच्या जूनमध्ये पुन्हा चहा आला. पद मंजूर होत होते, नाव वरच होते. माझ्या मनात तेव्हा पहिल्यांदा आले की शिकवणे तर माझेच आहे. ते मला या खोलीतून मिळालेले नाही. नऊ वर्षांत जी मुले शिकली ती माझ्याकडे शिकली, आणि त्यासाठी कोणी माझ्या नावाची जागा वर-खाली करण्याची गरज नव्हती. मी चहा संपवला आणि त्या लोकांना कोपरापासून हात जोडले. घरी येऊन घडलेले आईला सांगितले. आता मी घरीच शिकवण्या घेतो, पैसे कमी मिळतात, आणि त्या पदाचे पुढे काय झाले याची मी चौकशी केलेली नाही.

कोपरापासून हात जोडणे हाही मराठीतला एक जुना वाक्प्रचार. नको असलेला संबंध नम्रपणे तोडताना तो वापरतात. तो करून पाहा. कोपराला कोपर लागते आणि दोन्ही हात एकदमच वापरावे लागतात.